शाई वाळू नये म्हणून



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून गावोगावच्या अशा व्यासपीठांवरून मोठमोठे विषय बोलले गेले. माझा विषय मात्र अगदी लहान आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "प्रिंटर फारसा वापरात नसला तर त्याच्या कार्ट्रिजमधली शाई वाळू नये म्हणून काय करावे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बरं, आणि दुसरा कोणता?" मी म्हटले, दुसरा नाही. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर बोलणार, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यावरच बोलणार आहे. फक्त शाईच्या वाटेने येणार आहे.

कार्ट्रिज या शब्दाचा आपल्याकडचा जुना अर्थ काडतूस. अंबरनाथकरांना काडतूस म्हणजे काय हे मी सांगायला नको. ऑर्डनन्स फॅक्टरीत पिढ्यान् पिढ्या काम केलेली घरे या सभेत बसलेली असतील. बंदुकीचे काडतूस असो किंवा ज्यांच्यावर या गावाचे पोट एकेकाळी चालले त्या विम्कोच्या आगकाड्या असोत, दोन्हींचा नियम एकच: माल कोरडा ठेवा. शाईच्या काडतुसाचा नियम नेमका उलटा. ते ओले राहिले पाहिजे. आणि कोरडे ठेवणे सोपे, ओले ठेवणे कठीण, हे आपल्या उन्हाळ्यात वेगळे सांगण्याची गरज नाही. बदलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा माठातले पाणी दिसता दिसता खाली जाते. मग केसाहून बारीक छिद्राच्या तोंडाशी आलेल्या शाईचे काय होत असेल?

या विषयाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखान्यातल्या अठरा कंत्राटी कामगारांना एका दिवसात कामावरून कमी केले. त्यांचे प्रकरण आमच्याकडे आले. पहिल्याच तारखेला म्हणणे दाखल करायचे होते. त्यात प्रत्येकाचे नाव, नेमणुकीची तारीख, पगार, हजेरीचे दिवस, आणि सोबत हजेरीपत्रकांच्या नकला. आदल्या रात्री दहा वाजता सगळा मजकूर तयार झाला. प्रिंटर दीड महिना कोणी चालवला नव्हता. पहिला कागद बाहेर आला तो पांढऱ्या रेघांनी चिरलेला. नेमकी तारखांच्या आकड्यांतून रेघ गेलेली. तीन आहे की आठ आहे ते कळेना.

तेव्हा आम्ही केले ते अज्ञानी माणूस करतो तेच. संगणकावर 'हेड साफ करा' असे बटण असते, ते दाबले. एकदा, दोनदा, सहा वेळा दाबले. प्रत्येक वेळी यंत्र घरघरले, शाई ओढून टाकली, आणि कागद होता तसाच फाटका आला. साडेबाराला शाई संपल्याची सूचना आली. दुकाने बंद. सकाळी उघडायची ती दहानंतर, आणि आम्हांला तर पहिल्या गाड्यांपैकी एखादीने ठाण्याला पोहोचायचे होते. हाताने लिहून काढता आले असते, असे आज वाटते. त्या रात्री सुचले नाही, आणि हजेरीपत्रकाची नकल हाताने होतही नाही. तारीख पुढे गेली ती अडीच महिन्यांनी. त्या अडीच महिन्यांत अठरापैकी पाचजण हाती येईल तेवढा हिशेब घेऊन सह्या करून मोकळे झाले. घरभाडे थांबत नाही, मुलांच्या शाळा थांबत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. दोष आमचा होता. चूक एका थेंबाएवढी, पण पाच घरांवरून गेली.

त्यानंतर मी हे यंत्र समजून घ्यायचे ठरवले. मी यंत्रशास्त्र शिकलेला माणूस नाही. जे सांगतो ते वाचून, दुरुस्ती करणाऱ्यांशेजारी स्टुलावर बसून आणि स्वतःच्या हातांनी करून पाहून जमवलेले आहे.

आधी आपल्या ओळखीच्या वस्तूंकडे पाहू. आपल्या आजोबांच्या दौतीत चिंधीचा किंवा कापसाचा बोळा असे. शाई सांडू नये, बोरूला बेताची लागावी, आणि ओल टिकावी, अशी तीन कामे तो बोळा करी. आजच्या पुष्कळ कार्ट्रिज फोडून पाहिल्या तर आत काय निघते? स्पंज. म्हणजे बोळाच. पुढे फौंटन पेन आले. सुट्टीभर पेन उघडे पडले की जून महिन्यात निब धरलेले असे, आणि आपण ते कोमट पाण्यात बुडवून ठेवत असू. आज सांगणार आहे त्या उपचारांतले निम्मे त्या पाण्याच्या वाटीत आहेत.

संघटनांच्या कचेऱ्यांतून मग सायक्लोस्टाइल आले. मेणाच्या स्टेन्सिलवर मजकूर काढायचा आणि रूळ फिरवायचा. कपडे काळे होत, पण एक गुण होता: ती शाई तेलाची असे, पाण्याची नव्हे. महिनाभर यंत्र झाकून ठेवले तरी रूळ फिरवताच ते कामाला लागे. इंकजेट प्रिंटरची शाई मुख्यतः पाण्याची आहे, आणि आमच्यासारख्यांची फसगत होते ती येथे. यंत्र बदलले, सवय जुनीच राहिली.

या यंत्राचे काम असे चालते. कागदावरून मागे-पुढे धावणारा जो भाग, त्याला हेड म्हणतात. त्याच्या तळाशी शेकडो छिद्रे असतात, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. त्यांतून शाईचा थेंब उडतो. थेंब उडवण्याच्या दोन तऱ्हा. एक उष्णतेची. १९७७ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीतले इचिरो एंडो हे संशोधक काम करीत असता, डाख देण्याचे तापलेले हत्यार शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला चुकून लागले आणि सुईतून शाई उडाली, अशी हकीकत सांगतात. त्यावरून ही युक्ती निघाली: छिद्रामागे बारीकशी तार क्षणभर तापवायची, शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो पुढचा थेंब ढकलतो. अमेरिकेत एचपी कंपनीनेही याच तत्त्वावर काम करून १९८४ साली आपला प्रिंटर बाजारात आणला. दुसरी तऱ्हा एप्सनची. तिच्यात उष्णता नाही; विजेचा झटका दिला की किंचित वाकणारा एक पदार्थ छिद्रामागे बसवलेला असतो, तो पिचकारीसारखे काम करतो. थेंब किती लहान? पाच पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईत असे वीस कोटी थेंब होतात.

आता एवढ्या लहान छिद्राच्या तोंडाशी शाई हवेला लागून उभी आहे. पाणी उडून जाते. मागे रंग आणि चिकटपणा राहतो. कारखानदार शाईत ग्लायकॉल, ग्लिसरिन यांसारखे ओल धरून ठेवणारे पदार्थ घालतात. थंडीत फुटलेल्या ओठांना आपण लावतो तेच ग्लिसरिन. त्याने वाळणे लांबते, टळत नाही. छिद्रातली शाई आधी काकवीसारखी दाट होते. या अवस्थेत प्रिंटर चालवला तर ती सहज निघून जाते. आणखी काही आठवडे गेले की तिची खपली होते, आणि मग झगडा सुरू होतो.

उल्हासनगरच्या मंडळींना दुसरा दाखला देतो. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, म्हणजे १९५६ पासून रेशमासारखा धागा निघत आला त्या कारखान्यात, काम केलेले पुष्कळ लोक आपल्यात आहेत. लाकडाच्या लगद्यापासून केलेला मधासारखा दाट द्रव बारीक छिद्रांच्या टोपीतून आम्लाच्या हौदात सोडतात. तेथे तो गोठतो आणि धागा होतो. द्रव वाहता आहे तोवर छिद्रे मोकळी. प्रवाह थांबला आणि टोपी तशीच राहिली की ती बुजलीच. त्या खात्यातल्या माणसाला माझ्या व्याख्यानाची गरज नाही. बारीक छिद्र हे वाहते ठेवून राखायचे असते, हे तो जाणतो.

तेव्हा पहिला नियम हाच. आठवड्यातून एकदा, फार तर पंधरा दिवसांतून एकदा, एक पान छापा. नुसते काळे नव्हे, सगळे रंग लागतील असे. प्रिंटरात काळ्याखेरीज तीन रंग असतात: आकाशी निळा, किरमिजी आणि पिवळा. आपण अर्ज छापतो ते काळ्या शाईत, आणि वर्षभर रंगांना हात लागत नाही. ते वाळतात, शिवाय पुष्कळ प्रिंटर असे आहेत की एक रंग संपला तर काळेसुद्धा छापायला नकार देतात. आमच्या पत्राच्या माथ्यावर आम्ही यावर एक तोड काढली. एक लाल पट्टी आणि तिच्याखाली एक गडद निळी पट्टी. लाल रंग होतो किरमिजी आणि पिवळा मिळून. गडद निळा होतो आकाशी आणि किरमिजी मिळून. म्हणजे लाल आणि निळा एकत्र आला की तिन्ही रंग जागे राहतात. (हशा.) हे मी प्रिंटरबद्दल बोलतो आहे; बाकीचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

दुसरा नियम प्रिंटर बंद करण्याचा. काम संपले की हेड उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात जाऊन बसते, आणि तेथे रबराची एक टोपी खालून येऊन छिद्रे झाकते. ही टोपी म्हणजे फौंटन पेनचे टोपणच. पण ती बसते केव्हा? यंत्रावरचे बटण दाबून बंद केले तर. आपली सवय काय? निघताना भिंतीवरचा स्विच खटकन् पाडायचा. छपाई चालू असताना स्विच पडला किंवा वीज गेली तर हेड वाटेतच उभे राहते, टोपीविना, रात्रभर. वीज गेली असेल तर ती आल्यावर प्रिंटर पुन्हा सुरू करून बटणानेच बंद करावा. आणि दिवसातून दहा वेळा चालू-बंदही करू नये, कारण चालू होताना पुष्कळ यंत्रे आपणहून थोडी शाई ओढून टाकतात.

तिसरा नियम जागेचा. आमची कचेरी पत्र्याखाली आहे. प्रिंटर खिडकीत होता, वर पंखा. ऊन, वारा आणि धूळ ही तिन्ही त्याच्या वाईटावर. आता तो भिंतीकडे आहे आणि काम संपले की वर कापड असते. टोपीच्या रबरी कडेवर धूळ, कागदाचा कोंडा साचला तरी ती घट्ट बसत नाही. दोन-तीन महिन्यांनी ओलसर, तंतू न सुटणाऱ्या कापडाने ती कड पुसावी. नवी कार्ट्रिज वापरायच्या दिवसापर्यंत वेष्टनातून काढू नये. उघडल्यावर सहा महिन्यांत संपवा, असे काही कंपन्या सांगतात. तेव्हा स्वस्त मिळाली म्हणून चार घेऊन फडताळात ठेवणे ही काटकसर नव्हे. बसवलेली कार्ट्रिज काढून ठेवण्याची वेळ आलीच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, बाजूला ओल्या स्पंजचा तुकडा ठेवून ठेवावी. छिद्रे मात्र कशाला टेकू देऊ नयेत.

इतके करूनही वाळली तर? आम्ही त्या रात्री केले ते करू नका. आधी 'नोझल चेक' नावाचे तपासणीचे पान छापा. कोणता रंग कोठे तुटतो ते कळते. मग साफसफाईचे बटण एकदा, फार तर दोन-तीनदा. सुधारणा दिसली नाही तर थांबा आणि प्रिंटर काही तास, जमल्यास रात्रभर, तसाच ठेवा. ताजी शाई खपलीला भिजवते, आणि हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तोही सुटायला वेळ मिळतो. सकाळी पुन्हा एकदा बटण दाबा. घाईने जे सहा वेळांत होत नाही ते थांबून दोन वेळांत होते. शिवाय टाकलेली शाई कोठे जाते? यंत्राच्या पोटात एक शोषून घेणारी गादी असते, तिच्यात. ती भरल्याचा हिशेब प्रिंटर ठेवतो आणि एके दिवशी काम थांबवतो.

ज्या प्रिंटरांत छिद्रे कार्ट्रिजलाच असतात, दोन कार्ट्रिजांचे साधे घरगुती प्रिंटर बहुधा असे असतात, तेथे आणखी एक उपाय आहे. कार्ट्रिज काढा, मऊ कागदाची घडी कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओली करा, आणि छिद्रांची बाजू तिच्यावर एक-दोन मिनिटे टेकवा. कागदावर शाईचा पट्टा उमटला की छिद्रे सुटली. घासू नका, सुई घालू नका, आणि तांब्याच्या चकचकीत ठिपक्यांना ओला हात लावू नका. ज्यांत हेड यंत्रातच बसवलेले असते तेथे हा प्रयोग घरी करू नये. कार्ट्रिज बिघडली तर शेकड्यांत भागते. हेड गेले तर प्रिंटरच गेल्यासारखे होते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. महिन्या दोन महिन्यांत चार पाने छापणाऱ्याने इंकजेट घेऊच नये. लेझर प्रिंटरात शाई नसते, कोरडी पूड असते; ती वाळण्याचा प्रश्नच नाही. तो घेताना महाग पडतो. पण आम्ही वाळवून फेकलेल्या कार्ट्रिजांचा हिशेब मांडला तेव्हा स्वस्त यंत्र आम्हांला केवढ्याला पडले ते कळले. लहान कार्ट्रिजमध्ये शाई असते एक-दोन चमचे. तिच्यासाठी आपण सातशे, आठशे, हजार रुपये देतो, आणि त्यातली निम्मी वाळवून टाकतो.

ही किंमत इतकी का, याचा विचार कामगाराने केलाच पाहिजे. यंत्र स्वस्त विकायचे आणि शाईवर कमवायचे, हा या धंद्याचा जुना ताळा आहे. तो ताळा मोडतात ते कार्ट्रिज पुन्हा भरून देणारे कारागीर. आपल्या उल्हासनगरचा जन्मच अशा हातांतून झाला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत लाखाच्या आसपास सिंधी माणसे आली. त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. रिकाम्या हाताने आलेल्या त्या लोकांनी जे मिळेल ते दुरुस्त करून, पुन्हा बनवून बाजार उभा केला. नकली मालाचे गाव म्हणून त्यांची चेष्टाही झाली. मी म्हणतो, टाकलेली वस्तू चालती करणे ही चेष्टेची गोष्ट नाही. कँपातल्या एका काउंटरवर पाठ मोडून सिरिंजने कार्ट्रिज भरणारा मुलगा हा कुशल कामगार आहे. शाई पूर्ण वाळण्याआधी त्याच्याकडे गेलात तर तो ती वाचवतो. खपली धरल्यावर त्याचाही इलाज चालत नाही.

त्याच्या पोटावर पाय कसा येतो तेही पाहा. कार्ट्रिजला चिप लावतात, आणि चिप परकी दिसली की प्रिंटर काम नाकारतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी परक्या चिपांच्या कार्ट्रिज एकाएकी नाकारल्या, आणि ओरड झाल्यावर कंपनीला माघार घ्यावी लागली. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क कंपनीच्या खटल्यात सांगितले की, एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीचा पेटंटचा हक्क उरत नाही. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. घेतलेली वस्तू आपली, ती दुरुस्त करण्याचा हक्क आपला, एवढे साधे तत्त्व. त्यासाठीही झगडावे लागते.

आता शेवटचे. आमच्या कचेरीत पुढे काय झाले? आठवड्याला एक पान छापायचे ठरले, तेव्हा एक जुने सभासद म्हणाले, "नुसते रंगीत चौकोन छापून कागद कशाला घालवता? काहीतरी कामाचे छापा." ते बोलणे मला पटले. तेव्हापासून दर सोमवारी संध्याकाळी आम्ही एक यादी छापतो. कोणाचे प्रकरण कोठे आहे, पुढची तारीख कधी, कागद कोणते हवेत, कोण जाणार. माथ्यावर लाल आणि निळी पट्टी. ते पान फलकावर लागते. शाई ओली राहते, आणि तारीख चुकत नाही.

ही यादी सुरू झाली तेव्हा माझ्या ध्यानात आले की त्या रात्री वाळली होती ती शाई एकटीच नव्हे. दीड महिन्यात आमच्या शाखेची बैठकही झाली नव्हती. झाली असती तर प्रिंटर कोणीतरी चालवला असता, आणि अर्ज आदल्या रात्रीवर गेला नसता. संप असला, मोर्चा असला की संघटना जागी होते. मध्यंतरी झाकण न लावता पडून राहते, आणि गरज लागते त्या रात्री तिच्यातून रेघा उमटतात. तेव्हा आम्ही बटण दाबत बसतो, जोरात, सहा-सहा वेळा. तो जोर उपयोगाचा नसतो. थोडे थोडे काम, ठरल्या दिवशी, कोणी पाहत नसताना, हेच तेथेही लागते.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख आहे. त्याला वाळण्याचे भय नाही. आपल्याला दगडावर लिहिता येत नाही; आपले अर्ज कागदावरच जायचे. घरी गेल्यावर आपापल्या प्रिंटरकडे एकवार पाहा. महिनाभर हात लागला नसेल तर आज रात्रीच एक पान छापा. आणि कोणती संस्था, कोणते मंडळ आपण असेच झाकून न ठेवता सोडले आहे, तेही आठवून पाहा.